साखरेच्या लॅबमधून बर्फाच्या खड्ड्यात

आमच्या राहुरी तालुक्यात बर्फ दोनच ठिकाणी बघायला मिळतो. एक रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेली लादी. आणि दुसरा मुळा धरणावरून निघालेल्या मासळीच्या खोक्यात. या दोन्ही बर्फांविषयी मला काडीचीही माहिती नाही. तरीपण गावात मला 'बर्फवाले नाना' म्हणतात आणि लग्नसराईत दोन-तीन माणसं तरी हमखास दारात येतात. "नाना, मठ्ठ्याला लादी पाहिजे हुती. तुमच्या वळखीचं कोणी?"

वळखीचं कोणी नाही. माझी ओळख होती ती आभाळातून पडणाऱ्या बर्फाशी, आणि तीही पहिल्या हिवाळ्यात इतकी चुकीची होती की त्यापायी एका माणसाचा जीव जायची वेळ आली. तो गेला नाही, म्हणून हे सगळं हसत लिहिता येतंय. गेला असता तर या दिवाळी अंकात माझ्या जागी तुम्हाला चकलीची पाककृती वाचायला मिळाली असती.

मी मूळचा साखर कारखान्याच्या लॅबमधला माणूस. आठ हंगाम मी साखरेचा दाणा तपासला. आमच्याकडे दाण्याची परीक्षा चार शब्दांत व्हायची. मोठा, सुटा, कोरडा, चमकदार. असा दाणा काचेवर ओतला आणि तो खळखळत पसरला की लॅबमध्ये चहा सांगितला जायचा. आणि ओलसर, एकमेकाला चिकटलेला, ढेकळं झालेला माल आला की सुतक. चिमटीत साखर घेऊन ती बोटांवरून सोडायची मला इतकी सवय लागली होती, की पाहुण्यांच्या घरी चहाच्या आधी मी डब्यात हात घालायचो आणि सुमन, म्हणजे माझी बायको, टेबलाखालून पाय मारायची.

मग कारखान्याचं धुराडं सलग दोन हंगाम थंड राहिलं आणि मी घरी बसलो. त्यातच एक जाहिरात दिसली. हिमाचलातल्या डोंगरांत बर्फाच्या नोंदी घ्यायला कंत्राटी निरीक्षक पाहिजेत. विज्ञानाची पदवी, नोंदवही नीट ठेवायची सवय, उंचीवर राहायची तयारी. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, "बर्फ पाहिलाय का कधी?"

"हो साहेब."

"कुठं?"

"फ्रीजमध्ये."

तिघंही हसले. हिवाळाभर डोंगरात हसवणारा एक माणूस असलेला बरा, असं बहुधा त्यांना वाटलं असावं. नाहीतर माझी निवड का झाली याचं दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही. सुमन म्हणाली, "हंगाम तर तोच हाय की. दिवाळीनंतर चालू, उन्हाळ्यात बंद. ऊस न्हाई तर बर्फ." तिनं बाजरीच्या पिठाचं पोतं बांधून दिलं, आणि पोतं फाटू नये म्हणून त्याला आपली एक जुनी डाळिंबी रंगाची साडी गुंडाळली. ती साडी पुढं फार कामाला आली.

आता हे काम काय असतं ते सांगतो, कारण अकरा हिवाळे केल्यावरही माझ्या सख्ख्या भावाला वाटतं की मी तिकडं फावड्यानं बर्फ ओढत होतो.

डोंगराच्या एका सोंडेवर दोन खोल्यांची आमची पत्र्याची चौकी. तिथून खाली रस्ता दिसतो. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला बाहेर पडायचं. रंगवलेल्या उंच काठीवर बर्फ किती चढला ते बघायचं, तापमान, वारा, आभाळ लिहायचं. आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या बर्फानंतर पार जमिनीपर्यंत खड्डा खणायचा आणि त्याची एक भिंत सरळ कापून काढायची. आपल्याकडे विहीर खणताना माती, मुरूम, मांजऱ्या, मग काळा खडक असे थर लागतात ना, तसा त्या भिंतीत सगळा हिवाळा थराथरानं दिसतो. प्रत्येक थरावर मूठ दाबायची. मूठ आत गेली तर थर मऊ. नाही गेली तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी चाकू. प्रत्येक थरातली चिमूट काळ्या पट्टीवर घेऊन भिंगाखाली दाणा बघायचा. झालं काम.

खरी गोष्ट अशी, की बर्फ किती पडला यावर धोका ठरत नाही. कुठला थर कुठल्या थरावर बसलाय यावर ठरतो. वर घट्ट जाड थर, खाली त्याला न धरणारा थर आणि उतार आपल्या घराच्या जिन्यासारखा तिरपा, एवढं जमलं की मग एक माणूस किंवा एक मशीनसुद्धा पुरतं. सगळा उतार एकदम सुटतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. लोकांना वाटतं की ओरडल्यानं बर्फ सुटतो. तसं असतं तर खालच्या रस्त्याच्या ठेकेदाराच्या मुनशीनं रोज एक हिमस्खलन आणलं असतं.

माझे गुरू नेगीजी. तिथलेच, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारे. पहिल्याच आठवड्यात मी हात गारठतात म्हणून बर्फातला थर्मामीटर उपटला, खिशात घातला, खोलीत आलो, शेगडीशी बसलो आणि आरामात आकडा वाचून वहीत लिहिला. नेगीजींनी वही बघितली, माझ्या खिशाकडं बघितलं आणि म्हणाले, "ये बर्फ का नहीं, आपकी जेब का तापमान है." त्या दिवशीचं हे त्यांचं पहिलं वाक्य होतं. उरलेली नऊ त्यांनी वापरली नाहीत.

वहीचा मात्र त्यांचा एक कडक नियम होता. चुकलेली नोंद खोडायची ती एका सरळ रेघेनं, खालचं अक्षर वाचता येईल अशी. वर सही. पान फाडायचं नाही, गिरगटायचं नाही. त्या आकड्यावरून पहिली रेघ पडली आणि मला वाटलं, चला, आता चुकांचा कोटा संपला.

डिसेंबरात एकदा मी रस्त्यावर बुडावर आपटलो आणि तोंडातून अस्सल नगरी शिवी निघाली. शेजारी बर्फ ढकलत असलेलं पिवळं जेसीबी एकदम थांबलं. काचेतून एक डोकं बाहेर आलं.

"कुठलं गाव म्हणायचं?"

"राहुरी."

"म्या पाथर्डीचा! बबन! आन् पुन्यांदा पडा की, लई दिसांनी कानाला बरं वाटलं."

असा बबन भेटला. वय पस्तिशीचं, दोन मुली, आईबाप आयुष्यभर ऊसतोडीला जाणारे. स्वतः दोन हंगाम कारखान्याच्या गोदामात पोती वाहून मग मशीन शिकला आणि मशीनबरोबर देश फिरत इथवर आला. तो रस्ता साफ करायचा, मी बर्फ मोजायचो. आमच्या भेटीचा दुवा म्हणजे भाकरी. माझ्याकडं पीठ होतं, त्याच्याकडं भूक. मोबाईलला तिथं रेंज नाही. म्हणून ठरलं, की भाकरी झाली की मी चौकीच्या खांबावर खूण लावायची, ती बघून त्यानं सोंडेवरच्या पायवाटेनं वर यायचं. पहिल्या दिवशी मी खूण म्हणून पिठाचं रिकामं पोतं लावलं. पांढरं पोतं, पांढऱ्या डोंगरावर. बबन दुपारभर उपाशी राहिला. वर आल्यावर म्हणाला, "नाना, पुढच्या टायमाला काळ्या रातीला काळं घोंगडं लावा." मग मी सुमनची डाळिंबी साडी लावायला लागलो. ती दोन किलोमीटरवरून दिसायची.

आता त्या दिवसाकडं येतो.

त्या वर्षी सुरुवातीला पातळ बर्फ पडला आणि मग महिनाभर आभाळ मोकळं, थंडी कडक. त्यानंतर तीन दिवस सलग बर्फ कोसळला. नेगीजी वरच्या गावात भाचीच्या लग्नाला गेलेले, तिकडंच अडकले. वायरलेसही बंद. चौकीवर मी एकटा, म्हणजे मीच साहेब. चौथ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं. मी मोठ्या रुबाबात खड्डा खणला. वरून तीन दिवसांचा बर्फ, चांगला घट्ट बसलेला. आणि तळाशी, जमिनीला लागून, वीतभर जाडीचा एक थर. त्यात हात घातला, चिमूट घेतली, बोटांवरून सोडली.

काय सांगू! मोठा, सुटा, कोरडा, चमकदार. काळ्या पट्टीवर खळखळत पसरला. आठ हंगामांत कारखान्यातल्या पाक आटवायच्या आमच्या पॅनमधून असा दाणा निघाला नव्हता. उन्हात काचेसारखे कोन चमकत होते. मला कारखाना आठवला, आमची लॅब आठवली, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात मी हिंदीत लिहिलं, त्याचं मराठी असं, 'तळाचा दाणा मोठा, सुटा, कोरडा, चमकदार. उत्तम.' हाच शेरा चिठ्ठीवर उतरवला आणि खालून आलेल्या मुनशीच्या माणसाला दिला; रस्त्यावर मशीन सोडायचं की नाही, ते मुनशी या चिठ्ठीवर ठरवायचा. मुनशीनं, पुढं कळलं त्याप्रमाणे, फक्त शेवटचा शब्द वाचला. मी त्याला दोष देत नाही. शेवटचा शब्द ठळक अक्षरात मीच काढला होता.

दहाच्या सुमाराला नेगीजी वरच्या धारेवरून चालत आले. हातमोजे काढायच्या आधी वही उघडली. वाचली. मग माझ्याकडं न बघता खड्ड्यात उतरले, तळाच्या थरात हात घातला, मूठभर दाणा वर धरला आणि बोटं उघडली. सगळा दाणा पाण्यासारखा खाली गेला. हातात काही राहिलं नाही.

"ये दाना किसी का हाथ नहीं पकडता," ते म्हणाले. "मशीन कहाँ है?"

मी खाली बघितलं. रस्त्यावर, दुसऱ्या नाल्याच्या तोंडाशी, सगळ्यांत तिरप्या उताराच्या बरोबर खाली, पिवळा ठिपका पुढंमागं करत होता.

ओरडून उपयोग नव्हता. बबन केबिनमध्ये मोठ्यानं गाणी लावायचा. खाली धावत जायचं म्हणजे त्याच उताराखाली आणखी दोघं. नेगीजी शिट्टी शोधायला वळले आणि मी आत धावलो, साडी काढली आणि खांबावर चढवली. चढवताना उलटी बांधली, मग सुटली, मग परत बांधली. आयुष्यात मी कशाची वाट बघितली नसेल तेवढी त्या पिवळ्या ठिपक्याच्या थांबण्याची बघितली. तो पुढं गेला. मागं आला. परत पुढं गेला. मग थांबला. एक काळा ठिपका बाहेर पडला आणि सोंडेवर चढायला लागला.

बबन धापा टाकत आला. "नाना, दहालाच भाकर? तुमचं घड्याळबी गोठलं का काय?" आत डोकावून बघतो तर चूल थंड. "आन् भाकर कुठंय?"

"भाकर नाही, बबन. उतार सुटायचा धोका आहे."

"सकाळी तर मुनशी म्हनला, उत्तम हाय."

तेवढ्यात मुनशीही तावातावानं वर आला. मशीन का थांबलं, दोन्हीकडं गाड्या अडकल्यात, रस्ता आज खुला झाला पाहिजे. त्यानं माझी चिठ्ठी माझ्याच नाकासमोर धरली. "आपने ही लिखा है. उत्तम!"

आता खरं म्हणजे दोन शब्दांचं काम होतं. 'माझं चुकलं.' पण मी लॅबमधला माणूस. मी सुरुवात केली, "दाणा म्हणून बघाल तर तो उत्तमच आहे. आता या संदर्भात थोडं..." नेगीजींनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मग मी म्हणालो, "चुकलं. मी चुकीचं लिहिलं." वही उघडली, 'उत्तम'वरून एक रेघ मारली, वर 'अत्यंत धोकादायक' लिहिलं, सही केली. मुनशी म्हणाला, सकाळी उत्तम आणि आता धोकादायक, उद्या काय लिहिणार? बरोबरच होतं त्याचं. ज्या माणसाचा शब्द दोन तासांत फिरला, त्याच्या शब्दावर रस्ता बंद कोण ठेवणार?

त्या दिवशी काही झालं नाही. निळंशार आभाळ, डोंगर एखाद्या धुतलेल्या चादरीसारखा. दर तासाला बबन उताराकडं बघायचा आणि मग माझ्याकडं. "नाना, पडला का न्हाई अजून तुमचा डोंगूर?"

आमच्या धंद्यातली ही सगळ्यांत अवघड गोष्ट. पुढं एकदा राहात्याची एक सहल चौकीपर्यंत आली होती. त्यातले एक काका घड्याळ बघत म्हणाले, "हिमस्खलन किती वाजता असतं? आम्हाला साडेचारला निघायचंय." धोक्याला वेळापत्रक नसतं. जो दिवस काही न होता जातो, त्या दिवशी सांगणारा मूर्ख ठरतो. आणि मी तर आधीच ठरलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबननं बूट चढवले. "म्या मशीन घेऊन येतो. मालकाचं हाय, एकटं सोडून आलोय. चालू करायचं आन् मागं घ्यायचं. धा मिंटाचं काम."

"जाऊ नको."

"नाना, राग नका धरू. पर तुमी काल एक म्हनले, मग दुसरं म्हनले. आता तिसरं काय म्हनायच्या आत जाऊन येतो."

मुनशी त्याच्या मागं उभा होता. नेगीजी कुणाला हात धरून थांबवणाऱ्यांतले नव्हते. मी म्हणालो, "जा. पण आधी पाच मिनिटं खड्ड्यात चल. तूच बघ, मग जा."

खड्ड्याच्या भिंतीत मी हातभर लांबीरुंदीचा एक खांब चारी बाजूंनी मोकळा कापला. ही आमची साधी परीक्षा असते. खांबाच्या डोक्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि त्यावर हातानं ठोकायचं. दहा वेळा नुसत्या मनगटातून, मग दहा वेळा कोपरातून, मग दहा वेळा खांद्यातून. तीसही ठोके खाऊन खांब उभा राहिला तर बर्फ भक्कम. मी फावडं ठेवलं आणि बबनला म्हणालो, "तू ठोक. मी ठोकलं तर म्हणशील नानानं जोर लावला."

बबननं मनगट हलवलं. "एक. दोन. तीन. चार."

चौथ्याला तळातून 'धप्प' असा आवाज आला आणि छातीएवढा खांब अख्खाच्या अख्खा घसरून माझ्या मांडीवर बसला. मी खाली, खांब वर. बबन आधी हसला. मग वाकला, जिथून खांब सुटला होता तिथला दाणा मुठीत घेतला आणि सोडला.

"ही तर साखर हाय."

"तेच तर. म्हणून तर मी उत्तम लिहिलं."

बबन माझ्याकडं असा बघायला लागला, जसं मास्तर ढ पोराकडं बघतात. "नाना, तुमी लॅबवाले. गोदामात कवा आलेच न्हाई का?"

"नमुना घ्यायला यायचो."

"नमुना घेऊन जायचे. आमी थप्पी लावायचो. अठरा-वीस पोत्यांची उंच थप्पी. तळातलं एखादं पोतं उसवलं ना, की साखर आशी सुळकन बाहेर येती. वरची पोती जशीच्या तशी दिसत्यात. काय हलत न्हाई. येक दिस, दोन दिस. मंग कोन तरी शेजारून नुसतं चालत गेलं तरी सगळी थप्पी अंगावर. आमच्या गोदामात चांगली साखर आली ना, मोठ्या दान्याची, सुटी, तवा आमी जास्त भ्यायचो. दमट माल उसवला तरी जाग्यावर बसतो. सुटा माल थांबत न्हाई." त्यानं उताराकडं बघितलं. "म्हंजे ह्या आख्ख्या डोंगराचं तळातलं पोतं उसवलंय व्हय?"

"व्हय."

"आन् म्या काल त्याच्या बुडाला मशीन लावून वरबडीत हुतो."

तो खड्ड्यातच खाली बसला. बूट काढले नाहीत, पण उठलाही नाही. आठ हंगाम त्याच साखरेत घालवून मला जे कळलं नव्हतं, ते गोदामातल्या हमालाला पहिल्या चिमटीत कळलं. मुनशी वरून विचारत होता, काय झालं, जाणार की नाही? बबननं मान वर न करता सांगितलं, "मुनशीजी, आप जाओ. चाबी देता हूँ." मुनशीनं चावी घेतली नाही.

पुढं नेगीजींनी मला नीट समजावलं. थंडीच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो, जमीन त्या मानानं उबदार, वरची हवा गोठलेली. जमिनीलगतच्या उबेतून वाफ वर निघते आणि तळाचे कण त्या वाफेवर पोसत, सुटे होत मोठे होतात. पॅनमध्ये पाकावर साखरेचा दाणा पोसतो, त्याच जातीचा हा प्रकार. फरक एवढाच, की कारखान्यात तो विकायला असतो आणि इथं त्याच्यावर डोंगर उभा असतो. बर्फात चांगला दाणा कुठला? लहान, गोल, शेजाऱ्याला चिकटून बसलेला. म्हणजे लॅबमध्ये मी नापास करायचो तोच.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन चांगलं तापलं होतं. मी खरोखरच भाकरी केली होती. पातळ व्हायच्या ऐवजी जाड झाली होती, त्यावरून बबन बोलत होता. "नाना, ही भाकर न्हाई, ही दगडी फरशी हाय..." आणि तो मध्येच थांबला.

समोरच्या उतारावर, पार वर, एक बारीक काळी रेघ उमटली. पोत्याची शिवण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं उसवत जावी तशी ती धावली. सगळा उतार एका तुकड्यात हलला, मग त्याचे तुकडे झाले, मग त्याची धूळ झाली. आवाज नंतर आला. नाल्याचं तोंड, रस्ता, कठडा, पिवळा ठिपका, सगळं एका पांढऱ्यात गेलं. धूळ बसायला चार-पाच मिनिटं लागली असतील. बसल्यावर तिथं रस्ता होता याची खूणही नव्हती.

बबननं आपल्या दोन्ही मुलींची नावं घेतली, एकामागून एक, हाका मारल्यासारखी. नंतर माझ्याकडं वळून म्हणाला, "नाना, तुमची भाकर खाली पडली." खरंच पडली होती. फुटली मात्र नव्हती.

इथं थांबलो तर मी हिरो ठरेन, म्हणून पुढचंही लिहितो. मशीन त्या नाल्यात मी पाठवलं होतं. माझा शेरा बरोबर असता तर ते ठेकेदाराच्या कॅम्पच्या अंगणातून हललंच नसतं. बबनच्या मालकानं विचारलं, मशीन सोडून का आलास? आणि त्याला भर हिवाळ्यात घरी पाठवलं. मी मालकाला पत्र लिहिलं. त्याचे चार मसुदे झाले. पहिल्यात हवामानाची चूक होती, दुसऱ्यात वायरलेसची, तिसऱ्यात मुनशीची. चौथा दोन ओळींचा. चूक माझी, बबनची नाही. त्या पत्राचा काही उपयोग झाला नाही. बबन गेला तेव्हा मी उरलेलं पीठ त्याच्या पिशवीत भरलं. त्यानं ते परत काढून ठेवलं. "राहू द्या. तुमाला भाकर शिकायचीय अजून."

मे महिन्यात बर्फ वितळला तेव्हा मशीन नाल्यात खाली सापडलं, उताणं. केबिन कपबशीच्या बशीसारखं चपटं झालेलं. मी ते जाऊन बघितलं. नेगीजींनी बघायला लावलं.

आणि वही. त्यानंतर दर हिवाळ्यात नवा निरीक्षक आला की नेगीजी ते पान उघडायचे, माझ्यासमोर सरकवायचे आणि म्हणायचे, "पढिए." मग मी मोठ्यानं वाचायचो, 'मोठा, सुटा, कोरडा, चमकदार. उत्तम.' आणि मग रेघेच्या वरचं. नवी पोरं खुदखुदायची. नेगीजी निवृत्त झाल्यावर मला कुणी सांगायला नव्हतं, तरी मी वाचत राहिलो. दहा हिवाळ्यांत दहा वेळा. खाडाखोड वाचता आली पाहिजे हा नियम कशासाठी होता, ते तिसऱ्या-चौथ्या वेळी मला कळलं असावं.

गुडघ्यानं दगा दिला तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, मी परत आलो. बबन पाथर्डीकडंच असतो, आता स्वतःचं मशीन आहे, शेततळी खोदतो. मशीनच्या सामानासाठी नगरला आला की वाकडी वाट करून राहुरीला येतो.

परवा, नुकताच पावसाळा संपला होता, तेव्हा आला. सुमननं चहा टाकला आणि डबा उघडून चिडली. "बघा की भावजी, आठ वर्षं साखर तपासलेला माणूस, आन् दुकानातून ही आसली ढेकळं उचलून आणतो. दुकानदार म्हनला, दुसरी देतो, तर ह्यांनीच सांगितलं, हीच राहू दे."

बबननं माझ्याकडं बघितलं. मी चपलांकडं बघितलं. त्यानं डबा पुढं ओढला, त्यातलं मुठीएवढं ढेकूळ काढून बशीत ठेवलं, त्यावर चमचा आडवा धरला आणि चमच्यावर बोटांनी ठोकायला लागला. आधी मनगटातून. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला तो क्षणभर थांबला. ढेकूळ जागचं हललं नाही. मग दहापर्यंत. मग कोपरातून दहा. मग उठून उभा राहिला आणि खांद्यातून दहा. कपबशा नाचल्या. सुमन म्हणाली, "आवो, बशी फुटल!"

ढेकूळ तसंच. बबननं ते उचललं, अख्खंच्या अख्खं माझ्या चहात सोडलं आणि म्हणाला, "नाना, रस्ता खुला."